दोन बोटं समुद्र

भाऊंनी बासष्ट साली घर बांधलं
तेव्हा दांड्याला रस्ता नव्हता, वाळू होती,
आणि सिमेंट परवान्यावर मिळायचं.
दिवसभर महापालिकेत गटारांचे नकाशे काढणारा माणूस
रात्री कंदिलाशी बसून एक खिडकी काढायचा:
सोळा फूट लांब, मधे खांब नाही.
आत्या म्हणाली, दुकान टाकतोयस का रे?

उंबरा नाही. कोनाडा नाही. खुंटीसुद्धा नाही.
आई सांगायची, या घरात
ओला पंचा आणि गणपती, दोघांनाही जागा नाही.
गणपती मग साखरेच्या डब्याशेजारी राहिला.
सुखात राहिला, मुंग्या सोडल्या तर.

समुद्र त्या सोळा फुटांतून घरात येतो
असं आम्हाला वाटायचं.
तो मागून येत होता,
सळ्यांतून, साठ वर्षं,
लोखंड फुगवत,
भिंतींची शिवण आतून उसवत.
एका दुपारी छज्जाचा टवका
मधुमालतीच्या कुंडीवर पडला, तेव्हा कळलं.

बिल्डर पेढे घेऊन आला. तीनदा.
चौथ्यांदा बावीस मजल्यांची प्रतिकृती घेऊन आला,
थर्माकोलची झाडं, काडेपेटीएवढ्या मोटारी.
प्रफुल्लने, वय वर्षं अठ्ठावन्न,
त्यातली एक लाल मोटार उचलून खिशात टाकली
आणि म्हणाला, बाकीचं न्या.

मग ऋजुता आली. भाऊंचा नकाशा
लग्नातल्या शालूसारखा उलगडला तिने.
रफीकुल मिस्त्रीने सळ्या उघड्या केल्या,
दाताच्या डॉक्टरसारखा गंज कोरत बसला.
सहा महिने घर आपली हाडं दाखवत उभं होतं
आणि आम्ही मालाडला भाड्याने, बघायला येऊन जाऊन.
भिंतीवर रंगांचे नऊ थर निघाले,
सगळ्यांत खाली पोपटी.
पोपटी कुणालाच आठवेना.
मोझेक घासला तर खड्यांमधे एक शिंपला निघाला,
सबंध. गवंड्याचं काम असणार,
भाऊंचं नव्हे.

खिडकी होती तशी झाली. काच नवी, सोळा फूट.
समोर मात्र आता पार्किंग आहे, तेही सोळा फूट.
संध्याकाळी मोटारी वळतात
आणि त्यांचे दिवे आमच्या छतावरून सरकत जातात.

समुद्र?
ऋजुता एक डोळा मिटून घरभर हिंडली,
खुर्चीवर चढली, खाली बसली,
शेवटी फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली:
इथून दिसतो. दोन टॉवरांच्या फटीतून.
हात लांब धरून मोजला. दोन बोटं.

फुली पडली होती
मागच्या मोरीत, भांडी घासायच्या जागी.

आम्ही तिघं भावंडं पाळीपाळीने उभे राहिलो,
स्टेशनावरच्या वजनकाट्यावर राहावं तसे.
मथुराबाय पदराआड हसत होती.
मना ठावं हाय, म्हणाली,
हितूनशीच भरती बघते मी, नि मग घरी जाते.
बावीस वर्षं झाली तिला.
आम्ही कधी विचारलं नव्हतं.

आठवडाभर खल चालला. सिंक हलवू,
इथे आरामखुर्ची टाकू, सकाळचा चहा वगैरे.
चित्रही काढून झालं,
त्यात मथुराबायची जागा कुंपणाच्या भिंतीशी होती.
आम्ही फार थोर नाही.
नळ हलवायचे दीड लाख सांगितले,
आणि भाऊंची गटारं इतकी सरळ,
की तोडायला हात होईना.
मोरी राहिली. झडपेची खिडकी तेवढी
वीतभर रुंद केली.

हल्ली कुणी आलं की
आधी मोठ्या खिडकीचं कौतुक करतं, रीत म्हणून.
मग कप विसळून ठेवतो म्हणत आत जातं
आणि बराच वेळ परत येत नाही.
नळ वाहत राहतो.
आई असती तर ओरडली असती,
पाणी बंद करा.