सातव्या मिनिटाचा ठिपका

माझं काम काचा धुण्याचं, तराजू पुसण्याचं,
अधूनमधून तापमापकांना बर्फात बुडवून विचारण्याचं:
खरं सांग, तुझं शून्य कुठे आहे?
बहुतेक जण खरं बोलतात.
नऊ नंबरचा मात्र बर्फातही दीड अंश दाखवतो.
दर वेळी दीड. ना कमी, ना जास्त.
इतका एकनिष्ठ खोटारडा मी दुसरा पाहिला नाही.
त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधलाय,
म्हणजे घेणाऱ्यानं दीड वजा करून विश्वास ठेवावा.

गाव वेल्सच्या उत्तरेला.
शाळेच्या खिडकीबाहेर पाटीच्या दगडाचे ढीग,
ओले झाले की जांभळे.
एलिनेड बाई म्हणतात, या डोंगरातून कुठेकुठे पाट्या गेल्या,
पण कोरी पाटी घेऊन प्रयोगाला कुणीच बसत नाही.
म्हणून आधी लिहून टाका, काय होईलसं वाटतं.
मग होईल ते होऊ दे.

माक्सेननं लिहिलं:
लोकर गुंडाळली की पाणी सावकाश निवेल.
दोन पेले. तेवढंच पाणी, तितकंच गरम,
खिडकीपासून दोघंही हातभर.
एकाला लोकर, एकाला काहीच नाही.
नेस्टा म्हणाली, काहीच नाही तो कशाला?
बाई म्हणाल्या, तो नसला तर लोकरीचं कौतुक
कशाशी ताडून पाहशील?
एकच गोष्ट बदलायची. बाकीच्या धरून ठेवायच्या.

मी मागे परीक्षानळ्या पुसत होते.
माझ्या संसारात एका वर्षात चार गोष्टी बदलल्या
आणि आजवर कळलेलं नाही
नेमकं कशानं काय निवलं.

लोकर म्हणजे ताइदचा एक जुना मोजा.
ताइद, म्हणजे माक्सेनचे आजोबा,
चाळीस वर्षं खाणीत.
दगडाचा पापुद्रा अंगठ्यावर घासून जाडी सांगायचे,
पट्टी लावली तर केसभर फरक, तोही पट्टीचाच, असं म्हणायचे.
छातीत धूळ. ती कुणी मोजली नाही.

दर मिनिटाला एक नोंद.
डोळा रेषेच्या समोर, वरून नाही, खालून नाही.
ऐंशी. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच. सत्त्याहत्तर.
सहाव्या मिनिटाला बहात्तर.
सातव्याला दार उघडलं.

माक्सेनची आई. अंगात कामावरचा झगा, तसाच.
ती काही बोलली नाही.
तो उठला, तापमापक हातातच, पाण्याबाहेर,
आणि नेस्टा, जिला कुणी थांब म्हटलं नव्हतं,
वाचतच राहिली:
एकसष्ट.
मग तिनं तो त्याच्या मुठीतून सोडवून घेतला,
पाण्यात सोडला, आणि एकटीनं पुढचं लिहिलं.
आठव्याला एकोणसत्तर पूर्णांक पाच.
पाण्याला काय, ते आपल्या चालीनं निवत होतं.

दहा दिवसांनी तो आला.
आलेख काढला. सगळे ठिपके ओळीत उतरत गेलेले,
एकच खाली, विहिरीत पडल्यासारखा.
त्यानं खोडरबर उचललं.
बाई म्हणाल्या, खोडायचं नाही.
गोल कर. शेजारी लिही, का.
रेषा त्याच्यावरून ओढायची नाही,
आणि तो नव्हताच असंही दाखवायचं नाही.

मग पुन्हा केला प्रयोग, आणि पुन्हा.
दुसऱ्या खेपेला सातव्या मिनिटाला एकाहत्तर,
तिसऱ्याला सत्तर पूर्णांक पाच.
दार दोन्ही वेळा बंद राहिलं.
मी पाहिलं, सातव्या मिनिटाला तो दाराकडे बघत होता.

सरासरीत एकसष्ट धरले नाहीत.
वहीत आहेत, पेन्सिलीच्या गोलात,
शेजारी बारीक अक्षरात: दार उघडलं.
बाईंनी खाली बरोबरची खूण केली, शेरा काही लिहिला नाही.

तापमापक कोणता होता, मी नंतर पाहिलं.
नऊ नंबरचा.
म्हणजे सगळंच दीडनं कमी. ते एकसष्टही.
मुलांना सांगितलं, त्यांनी वजा केलं,
रेषा थोडी खाली सरकली, उतार तोच.

तो मोजा माक्सेननं मागितला नाही.
मी धुतला नाही.
वरच्या खणात, बंद बरणीत ठेवलाय,
चिठ्ठीवर एकच शब्द लिहून:
मोजा.