आतली बाजू

पहिल्या वर्षी काकीची जुनी पातळं बांधली
कलमांभोवती, कमरेएवढ्या उंचीवर.
लांबून बाग लग्नघरासारखी दिसायची.
भेकरांनी आठवडाभर मान दिला,
मग पातळाखालून वाकून आत आली
आणि तांबूस पालवी तेवढी खुडून गेली,
भाताचं शीत चाचपावं तशी, एकेक.

न्हाव्याकडचे केस आणून टाकले. डबे टांगले.
डब्यांना वारा लागला की माझीच झोप मोडायची.
एका नराने सातव्या कलमाच्या सालीवर शिंगं घासली.
आतलं पांढरं लाकूड दिसलं तेव्हा
शेणमातीचा लेप लावता लावता
जन्मात कुणाला दिली नव्हती अशी शिवी त्याला दिली.
तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी,
म्हणजे बघा.

यंदा फंडाचे उरलेले पैसे काढले.
मजीद मुकादमाच्या टेम्पोतून जाळीची भेंडोळी आली,
अँगल, खडी, बांधायची तार.
खड्डे काढायला जनू घाडी.
कातळावर पहार मारली की ठिणगी उडते
आणि पहारच परत वर येते.
दिवसाला नऊ खांब, फार तर दहा.
मी म्हटलं, आठ फूट उंच करू.
जनूने कानावरची विडी काढली, पाहिली,
पुन्हा कानावर ठेवली.
"उंची कित्याक? भेकर उडी नाय मारीत, वाकान शिरता.
खालसून आवळून घे.
वरसून काय, चान्ना येतला."

म्हणून जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत पुरला,
वर चिऱ्यांचे तुकडे बसवले,
पऱ्याच्या तोंडाशी तीन पदर आडवे घेतले.
सदतिसावा खांब सावळ्या राणेच्या हद्दीत बोटभर गेला,
त्याने दोन दिवस आमच्याकडचा चहा घेतला नाही.

शेवटी बेडं. बांबूचं होतं, वाळवीने पोखरलेलं.
तिथे लोखंडी फाटक, कडी, कुलूप.
किल्ली फिरवली तेव्हा दिवस खाडीत उतरत होता.
बागेला पहिल्यांदाच
एक आतली बाजू आली.

रात्री भेकर भुंकलं.
भुंक, म्हटलं, आता बाहेरून भुंक.
कूस बदलली.
पण आवाज जवळचा होता. आणि फिरत होता:
आधी पऱ्याकडून, मग फाटकाकडून, मग पुन्हा पऱ्याकडून,
हात दाखवूनही शेवटची गाडी न थांबलेल्या
माणसासारखा, पळत पळत.

उजाडताना जनूला उठवून घेऊन गेलो.
मादी होती. अकराव्या कलमाआड उभी,
नाकावर जाळीचे चौकोन उठलेले, रक्ताळलेले.
पालवीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.
एवढी सगळी बाग तिच्या एकटीची होती.

फाटक सताड उघडलं. ती तिकडे जाईना.
तिथे ओल्या रंगाचा वास, आमच्या हातांचा वास.
तिची वाट पऱ्यातून होती
आणि पऱ्यात तीन पदर मीच घातले होते.
जनू म्हणाला, "तिची वाट तिका दी."

पक्कड घेतली. काल आवळलेले पीळ उलटे सोडवले.
जाळी मांडीएवढी वर उचलून काठीचा टेकू दिला
आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाठ करून बसलो,
खाडीकडे तोंड करून.
जनूने विडी पेटवली नाही.
कुठेतरी मचव्याचं इंजिन सुरू झालं.
पाचोळा वाजला. थांबला.
बराच वेळ थांबला.
मग दगडावरून दगडावर चार बारीक खूर,
सुट्टे पैसे मोजावे तसे.

वळून पाहिलं तर जाळीच्या टोकाला
तांबड्या केसांचा झुबका.

जनू जाळी खाली ओढायला लागला.
थांब, म्हटलं.
डेपोत गाडी लावल्यावर सीटांखाली बघतात
तसा ओळीओळीने वाकत गेलो,
प्रत्येक कलमाखाली,
कुणी उतरायचं राहिलंय का, कुणी उतरायचं राहिलंय का.
एक घोरपड निघाली. ती म्हटलं राहू दे.

परत आलो तर जनू आतल्या बाजूला उभा,
पुढ्यात जाळी धरून, हसत.
"कंडक्टर, आधी माका उतरव.
मगे मार डबल बेल."