माझा नंबर

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
शेवटची गाडी खाली झाली की टोळीची बैठक.
गाळ्यात बारदान अंथरलेलं,
सत्तावीस माणसं, चहाची एक किटली,
आणि पंख्याच्या वाऱ्यावर सरपटणारी कांद्याची सालं.

मागच्या महिन्यापर्यंत मी थप्पीवर बसायचो,
सगळ्यांच्या डोक्यावर.
मी खाकरलो की बैठक सुरू,
मी हात वर केला की सव्वीस हात वर.
याला मी एकी म्हणायचो.
घरी जाताना मात्र पुलाखाली
तीच माणसं घोळक्यानं वेगळंच बोलत असायची.
मी जवळ गेलो की क्रिकेट.

आज खाली बसलो, काट्याच्या मागं,
जिथून फक्त पाठी दिसतात.
वीस वर्षं या पाठींची हजेरी घेतली;
कुणाच्या मानेवर कुठं घट्टा पडलाय
ते आज पाहिलं.

विषय एकच, हैबततात्याची वाटणी.
त्याला आता पन्नास किलो पेलत नाही.
खिशात माझा कागद तयार होता,
रात्री बायकोला वाचूनही दाखवलेला.

अमृत उठला. तापट पोरगं.
"तात्या अर्धं उचलतो, पुरं घेतो. कसं चालायचं?"
तात्याची सोडून सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.
"मुकादम, तुम्ही बोला की."
जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.
"माझा नंबर रामहरीनंतर."

रामहरी नऊ वर्षांत बैठकीत कधी बोलला नव्हता.
घाबरून उभा राहिला.
"शिमग्यात माझी पाठ गेलती. बावीस दिवस.
तवा कुणी मोजलं नाही."
एवढंच. बसला.

मग कुणीच बोलेना.
अशी जागा दिसली की ती भरायची, ही माझी जुनी खोड.
मुठी आवळून धरल्या.
बाहेर एक ट्रक मागं येत टिंगटिंगत राहिला.

शेवटी तात्याच बोलला, खालमानेनं:
"मला काट्यावर बसवा. वजनं मी लिहितो.
व्यापाऱ्याचं पोरगं दर गाडीला दहा-वीस किलो खातंय.
तुम्ही ओझ्याखाली असता, तुम्हाला कसं दिसंल?"

"दहा-वीस?" अमृतनं विचारलं,
आणि बैठक माझ्या हातातून सुटली,
तिच्या उतारानं वाहत गेली.
दोनदा भांडण झालं. एकदा चहा सांडला.

माझा नंबर आला तेव्हा सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं.
बोर्डात हे चालतं का, ते उद्या विचारून येतो.
आणि मार्चच्या हिशोबात तीनशे चाळीस कमी वाटले गेले,
ती चूक माझी.
टाळी कुणी वाजवली नाही.

उठताना कागद उघडून पाहिला.
काट्याचं त्यात अक्षर नव्हतं.
किटलीचं झाकण ढिलं झालेलं,
त्याची घडी करून तिथं बसवली.

पुलाखाली तिघं-चौघं उभे होते.
मी गेलो. कुणी विषय बदलला नाही.
"मुकादम," अमृत म्हणाला, "तुमचं एक चुकतंच बघा..."
तेवढ्यात त्याची बस आली.
राहिलेलं आता उद्या.