दहा तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
लिफ्ट फुकट चालत नव्हती.
आत पत्र्याची एक पेटी, पेटीला चीर,
दहा तेत्रींचं नाणं पडलं की मग कुठे ती
कण्हत कण्हत हलायची.
नाणं नसेल त्याला जिना.

नवव्या मजल्यावरची त्सियाला
रोज सकाळी पेटीच्या माथ्यावर
चार-पाच नाणी ठेवून जायची.
मोजून नव्हे. मूठ उघडेल तेवढी.

तिला कुणी संत म्हटलं तर मला हसू येईल.
तोंडाची फटकळ.
माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर
वरून खुशाल गालिचा झटकायची.
जावेशी अकरा वर्षं अबोला,
कारण विचारलं तर म्हणायची, तिला माहीत आहे.
ईस्टरआधीच्या उपवासात राजमा शिजवायची
आणि राजम्यासोबत तिचा राग
त्याच मंद आचेवर.

चौथ्या मजल्यावरचा बादरी ती नाणी उचलायचा.
सगळ्यांना ठाऊक होतं.
त्याच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया,
जिनाभर टरफलं.
एकदा मी तिला सांगायला वर गेले.
कोपऱ्यात मरियेच्या काळवंडलेल्या चित्रापुढे मेणबत्ती,
गॅसवर अंडी, कांद्याच्या सालींचं तांबडं पाणी.
म्हटलं, पोरगा चोरतोय.
ती म्हणाली, ठेवलेलं कसं चोरेल?
आणि एक गरम अंडं माझ्या हातात कोंबून
तिने दार लावून घेतलं.
तीन दिवस माझी बोटं लाल.

माझ्या घरात देवाचं नाव बंद होतं.
आन्झोर आजारी पडल्यापासून.
तुझ्यासाठी प्रार्थना करतो, असं कुणी म्हटलं
की मी भांडी आपटत असे.
त्सियालाने मला चर्चला चल
असं एकदाही म्हटलं नाही.
माझं ऐकून घ्यायलाही ती कधी थांबली नाही.
तिला वेळच नसायचा.

मग ती नोव्हेंबरातली रात्र.
त्याचे कपडे एका पिशवीत घेऊन
मी इस्पितळातून परतले.
पाकीट तिथल्याच बाकावर राहिलेलं.
पाय शिशाचे.
पेटीच्या माथ्यावर चाचपडले,
एकच नाणं उरलं होतं.
थंडगार.
सहा मजले मी रडले.
लिफ्टच्या कण्हण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही,
आणि ते बरंच झालं.

त्या नाण्याबद्दल मी तिला कधी सांगितलं नाही.
आठवडाभराने तिने पुन्हा गालिचा झटकला,
मी पुन्हा ओरडले.

फेब्रुवारीत ती गेली.
शवपेटी लिफ्टमध्ये मावेना.
इतक्या जणांना वर पाठवलेली बाई
नऊ मजले जिन्याने खाली आली.
डोक्याकडची बाजू बादरीने धरली होती,
आता तो टायरच्या दुकानात आहे, दाढी आहे त्याला,
प्रत्येक वळणावर म्हणत होता, हळू, हळू.
जाऊ आली. बोलली नाही कुणाशी.
खालचा जड दरवाजा मात्र
पेटी बाहेर पडेपर्यंत
तिने पाठीने रेटून धरला.

आता लिफ्टला कार्ड लागतं.
पेटीच्या जागी भिंतीत चार भोकं.
तरी टपालाच्या खणांवर
अधूनमधून नाणी दिसतात.
मी ठेवत नाही.
निदान रोज नाही.

काल पाचव्या मजल्यावर नव्याने आलेली ग्वांत्सा,
आठ-नऊ वर्षांची, टाचा उंचावून बघत होती.
हे कशाचे?
माझ्या तोंडाशी केवढं तरी आलं.
म्हटलं, ठेवलेले आहेत.
कुणी?
म्हटलं, घ्यायचे तर घे.
तिने दोन उचलले, धावत सुटली,
कोपऱ्यावरच्या बियावालीकडे.

टरफलं जिन्यात टाकलीस तर बघ,
मी मागून ओरडले,
आणि दचकले.
आवाज हुबेहूब तिचा.