शेरा

मे महिना, दुपारचे साडेतीन.
पत्र्याखाली बसलो तर भाजतो, बाहेर बसलो तर करपतो,
म्हणून कडुनिंबाच्या सावलीबरोबर मी सरकत राहतो
पहिल्या बेसकडून डगआउटकडे, वीत वीत.
मांडीवर खात्याचा छापील तक्ता:
नाव. महाविद्यालय. उंची. वेग. फटका. धाव.
आणि कडेला, उरलेल्या जागेत, शेरा.

कॉलेजांची उन्हाळी लीग, बेसबॉलची.
रस्त्यावरचे लोक स्कूटर थांबवून विचारतात,
"क्रिकेटच ना हे?"
आणि उत्तर न ऐकता जातात.
प्रेक्षक म्हणजे आम्ही नऊ जण:
तीन खात्यांचे तीन निवडणारे,
चार आया, एक कुल्फीवाला,
आणि घरी वीज गेली म्हणून आलेले एक आजोबा.

आलो होतो जगदाळेला बघायला.
सहा फूट एक. खांदा असा, की शिवण उसवावी.
स्पीडगनवर एकशे एकतीस.
रेल्वेचे पेठकर मान डोलावतात,
पोलिसांचे घाडगे फोनवर साहेबांना कळवतात.
मीही लिहिलं: १३१, उत्तम.
मग घाम पुसायला डोळे मिटले
आणि ऐकू आलं नाही.

म्हणजे असं, की त्या चेंडूचा आवाज यायला हवा होता.
अकरा वर्षं मी प्लेटमागे उकिडवा बसलोय,
डाव्या तर्जनीत अजून थंडीत कळ येते,
असला चेंडू ग्लोव्हमध्ये कसा फुटतो ते मला विचारा.
इथं नुसतं थप्.
झोपलेल्या माणसाच्या उशाशी
कुणी तांब्या ठेवावा, तसं.

जाळीच्या मास्कमागे एक बुटका पोरगा.
यादीत शोधला. इलियास बागवान, वाणिज्य, दुसरं वर्ष.
उंचीच्या रकान्यात कुणीतरी आधीच
पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली.

पुढच्या चार इनिंग मी तोच बघितला.
जगदाळेचे भरकटलेले चेंडू
तो हलकेच आत ओढून आणायचा,
अंपायर फसायचे,
जगदाळेला वाटायचं, आपणच.
सहाव्या इनिंगला जगदाळे बिनसला, मातीत आपटायला लागला.
हा चालत गेला, काहीतरी बोलला, दोघं हसले.
नंतर विचारलं, काय सांगितलंस रे?
"काही नाही सर. म्हटलं, लेस सुटलीय.
सुटली नव्हती."

आणि हात? हात कुठं शिकलास?
"मार्केट यार्डात. कलिंगडं उतरवतो.
ट्रकवरून मामू टाकतो, खाली मी.
हात कडक ठेवला की फुटतं,
फुटलं की पैसे आपल्या पगारातून.
त्याच्यासोबत थोडं खाली जायचं, सर.
ते दमेपर्यंत."

ते दमेपर्यंत.
अकरा वर्षं मी हात कडक ठेवले.
कोच खूश असायचे, काय आवाज येतो रे तुझा!
तेवढाच आला.

जागा एक. खेळाडू कोट्यातली, शिपायाची.
कमिटी आकडे वाचते. शेरा वाचलाच
तर चहा येईपर्यंत.
मला घेणार का, असं पोरानं विचारलं नाही.
विचारलं, बक्षीस समारंभ लांबणार नाही ना,
करमाळ्याची गाडी सातला लागते.
जिंकले होते ते. जगदाळेला खांद्यावर घेतलं,
चारातला एक खांदा बागवानचा,
त्या बाजूनं तो जरा कललेला.

परतताना स्वारगेटच्या अलीकडे एक कलिंगड घेतलं.
विकणारा टिचक्या मारून ऐकवत होता.
म्हटलं, वाजवू नका, द्या तसंच.
स्कूटरवर पायांच्या मधे ठेवलं, दोन्ही घोट्यांनी धरून,
आणि सिग्नलला तक्ता काढून बघितला.
घाईत लिहून बसलोय:
"आवाज येत नाही."
साहेब वाचतील आणि म्हणतील, मग कशाला पाठवलंत?
पेन शोधतोय. खिशात नाही, डिकीत असेल,
डिकी उघडायची तर उतरायला हवं,
उतरायचं तर कलिंगड सोडायला हवं.
सिग्नलवर अजून चौऱ्याऐंशी सेकंद.