खाली

घरात आम्ही तिघं. कुंदाताई पेटीवर, हेरंब तबल्यावर,
मधला मी, हजेरीवर.
याला सूर लागणार नाही, हे बारशालाच ओळखलं
असं आई पाहुण्यांना सांगते.
पाहुणे हसले
की माझ्या ताटात एक पुरी जास्त पडते.

बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे.
कंपनी बुडाली तेव्हा मालकानं
थकलेल्या पगारापोटी एक राजवाडा दिला,
अठरा फूट बाय बारा, बाबांनीच रंगवलेला.
कोपरखैरण्याला सिडकोच्या दोन खोल्यांत
तो सव्वीस वर्षं गुंडाळलेला होता.
आम्ही पलंगावर, राजवाडा खाली.

एका रविवारी ताईनं तो ओढून बाहेर काढला.
कसरीनं एक खांब खाल्लेला, मोर अर्धा.
तुर्भ्याच्या डोंगरात, खाणीच्या कडेला,
चार बांबूंवर आडवा ताणला,
चित्र खालच्या अंगाला.
सावली पडली. झुंबराखाली पोरं येऊन बसली.

वडारांची पोरं. यल्लू, हणमा, दुर्गी.
वय काय, मी विचारलं.
"लिवा कायबी," दुर्गी म्हणाली.
मी नऊ लिहिलं.
तिनं वहीत वाकून पाहिलं. "धा करा."

हेरंबनं ठेका धरला आणि मध्येच थांबला.
पोरांचे हात आधीच चालू होते.
आईच्या पाठीवर, घणाच्या आवाजात
झोपलेली पोरं ती.
परतताना रिक्षात म्हणाला, यांना मी काय शिकवू?
ताई म्हणाली, नुसती नावं सांग.

चारला भोंगा व्हायचा.
ताईनं तो पेटीवर शोधून ठेवला होता:
काळी दोन, जरा उतरलेली.
भोंगा संपला की पोरं गप्प.
दुर्गी बोटं मोजायची.
सातव्या बोटाला सुरुंग.
मग राजवाड्यावर माती पडायची,
खसखस सांडावी तशी.
"ही खाली," हेरंब सांगायचा,
"इथं टाळी नाही. हात नुसता उघडायचा.
रूपकात तर समेवरच खाली."
यल्लूनं एवढंच विचारलं,
"खाली असलं तरी मोजायचं ना?"

वैशाखात खाण बंद झाली.
कोर्टाचा कागद आला होता. तो मी वाचून दाखवला.
वाचता येतं मला.
कुणी काही बोललं नाही. एका म्हातारीनं
कागद परत मागून घेतला
आणि घडी घालून कनवटीला लावला,
जसा काही तो पैसाच.

त्या रविवारी चार वाजले.
भोंगा नाही, तरी पोरं थांबली.
ताईची बोटं पट्ट्यांवर तशीच.
दुर्गीनं सात मोजले.
काही पडलं नाही.
मग तिनं मान वर करून
तोंडानं भोंगा काढला. ताईनं काळी दोन दाबून पाहिली.
बरोब्बर. उतरलेलीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात पोरं निम्मी.
कुणी उरणकडे, कुणी खालापूरला, नव्या खडीवर.
दुर्गी कुठं, हणमाला विचारलं.
त्यानं हात नुसता उघडला.
गैरहजर लिहायचं असतं.
मी रकाने कोरे सोडले.

रात्री हेरंबनं वही उचलली. मला वाटलं, हिशेब बघतोय.
बोट ठेवून ओळ वाचत होता:
हजर हजर कोरा, हजर कोरा, कोरा हजर.
मग डग्गा पुढं ओढला
आणि ती ओळ वाजवली. पुन्हा वाजवली.
ताई पोळपाटाशी थबकली, लाटणं हातात.
आतून आईनं विचारलं,
हे कुणाचं आहे रे? आधी ऐकलं नाही.

हेरंब माझ्याकडे बघत होता.
मी ताटातल्या पुऱ्या मोजत होतो.