काठी काय म्हणती?

तीन आठवडे पिवळा दिवा पेटतोय.
मिरजेला जाताना पेटतोय, सांगलीला येताना पेटतोय,
तेल कमी, तेल कमी,
आणि मी शहाणी, दर खेपेला
अर्धा लिटर ओतत गेले.
शेवटी बापू म्हणाले, दिवा ऱ्हाऊ दे, काठी काय म्हणती?
काठी ओढून बघितली तर
वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं तेल.
म्हणजे इंजिन तुडुंब, आणि खोटं बोलतोय
तळाशी बसलेला बशीएवढा सेन्सर.

नवा पुण्याहून एसटीच्या पार्सलात आला.
सोबत रबराची रिंग, आणि बिल,
बिलावर राजमतीची राजमाती झालेली.

रविवारी पार्किंगमध्ये जॅक चढवला, लोखंडी घोड्या लावल्या.
विटा लावू नको, बापूंनी दोनदा सांगितलं.
मी एकदाही विटा म्हटलं नव्हतं.
ते प्लास्टिकच्या खुर्चीत, मी गाडीखाली,
पाठीखाली हळदीचं रिकामं पोतं.
खालून जग एवढंच:
चार टायर, चौगुल्यांचं मांजर,
आणि बापूंच्या चपला, डावीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला.

आधी तेल सोडलं, आत्याच्या लग्नातल्या परातीत.
परातीच्या आतल्या कडेला उभं कोरलेलं नाव,
तेल खालून चढत गेलं,
आधी 'यांजकडून' बुडालं, मग 'उपाध्ये', मग 'चंपाबाई',
'सौ.' तेवढं वर राहिलं.
तेल थांबलं.

बापूंनी तीस वर्षं नदीची पातळी वाचली.
पुलाच्या खांबावर रंगवलेले फूट.
पावसाळ्यात दर तासाला बॅटरी घेऊन पायऱ्या उतरायच्या,
आकडा वाचायचा, वर येऊन फोनवर ओरडायचा.
शाळेत पोरी म्हणायच्या, हिचे वडील पाणी मोजतात.
जसं काही आम्ही दूध घालतो.

वायरचा खटका दाबून काढायचा असतो. मी ओढला. तुटला.
असू दे, नंतर पट्टीनं बांधता येईल.
तीन नट, दहा नंबरचा पाना.
पहिला सुटला. दुसरा सुटला.
तिसरा हलेना.

"येकदा," चपला म्हणाल्या, "मी उतरलोच न्हाई."

पाना थांबला.

"पायऱ्या दिसत न्हवत्या गं. तीनचा आकडा अंदाजानं सांगितला.
चारचा बी."
"मग?"
"मग काय. पाचला उतरलो. नऊ इंचाचा फरक."
"कमी सांगितलेला, का जास्त?"

चपला खुर्चीखाली सरकल्या.
मांजर उठून गेलं.
मी नटाला शिव्या दिल्या, मोठ्यानं,
म्हणजे कुणीतरी बोलत राहील.
आणि तो सुटला, एकदम,
उरलेलं तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत.

जुना सेन्सर हातात घेऊन बघितला.
कुठं तडा नाही, जळल्याचा डाग नाही.
चेहरा अगदी साळसूद.
जागा पुसली, पुन्हा पुसली,
नव्या रिंगेवर बोटानं तेल फिरवलं,
नट आधी हातानं, मग पान्यानं,
आवळायचे, पिळायचे नाहीत.
खालचा बूच बसवला. नवं तेल ओतलं, मोजून.

किल्ली फिरवली. दिवा लागला, थरथरला,
विझला.

मी हॉर्न वाजवला, उगीचच.
बापू हसले नाहीत. म्हणाले, बंद कर, दहा मिंटं बसू दे,
तेल खाली यायला येळ लागतो.

दहाची पंधरा झाली.
मग ते उठले, स्वतः काठी ओढली,
पंचाच्या टोकाला पुसली, परत घातली, परत ओढली,
उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून.
खाली वाकले, आणखी वाकले,
गुडघे कुरकुरले तरी.

"दोन खुणांच्या मधी!"
एवढ्या मोठ्यानं, की तिसऱ्या मजल्यावरच्या
मगदूम काकू गॅलरीत आल्या.
"वाजले सव्वाबारा!"

मी बिल उलटं केलं
आणि मागं लिहून घेतलं.